मलेरियाची जीप

आरोग्य खात्याचा रुपया दिल्लीहून निघून खैरपाड्यापर्यंत कसा येतो, वाटेत कुठे चहा पितो, कुठे मुक्काम करतो आणि कुठे कायमचा राहून जातो, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. ही फुशारकी नाही, माझं रीतसर प्रशिक्षण झालेलं आहे. पुण्याला. आठवडाभर, दोन वेळच्या जेवणासकट.

मी कुमुद. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे डाव्या हाताला खैरपाडा येतं, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी क्लार्क होते. ब्याण्णव सालच्या मार्चमध्ये मी पुण्याहून परतले ती जणू दिल्लीची वकीलच होऊन. आल्या आल्या रंगीत खडूंनी मोठा तक्ता काढला आणि भिंतीवर लावला. वर दिल्ली, खाली मुंबई, त्याखाली जिल्हा परिषद आणि तळाला आम्ही. मग दिसेल त्याला धरून समजवायला लागले.

"हे बघ, इमारत जिल्हा परिषदेची. डॉक्टर राज्याचे. आपली सुनीता सिस्टर कुटुंबकल्याणची, म्हणजे तिचा पगार दिल्लीचा. मलेरियाचं निम्मं दिल्लीचं, निम्मं राज्याचं. एकाचा पैसा दुसऱ्याला चालत नाही. दारातल्या माठातलं पाणी ग्रामपंचायतीचं."

"आणि माठ?" सुनीताने विचारलं.

"माठ माझा. घरून आणलाय."

हे सगळं ज्याला कळलं त्याचं कुठलंही काम अडत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. माझं अडायला चारच दिवस लागले.

त्या दिवशी डॉक्टर मार्चअखेरच्या मीटिंगला जिल्ह्याला गेले होते. साडेदहाच्या सुमाराला चार माणसं एका झोळीत बाईला घालून धावत आली. वीटभट्टीवर काम करणारी ठकी. पहिलटकरीण, वय फार तर एकोणीस. बरोबर तिची सासू भामा, पदर कमरेला खोचलेला, पाय लाल मातीने घोट्यापर्यंत माखलेले. सुनीताने ठकीला आत घेतलं, तपासलं आणि बाहेर आली ती चेहरा पांढरा करूनच.

"ताई, मूल आडवं आहे. इथे काही होणार नाही. पनवेलला न्यायला हवं, आणि आत्ता. उशीर केला तर दोघंही जातील."

आता आमच्या केंद्राला गाड्या दोन. एक कुटुंबकल्याणची पांढरी गाडी, जी खरं म्हणजे अशाच बायकांसाठी आली होती. तिचे टायर जिल्हा परिषदेने घ्यायचे होते. ते घेईपर्यंत गाडी चार दगडांवर उभी होती आणि तिच्याखाली कोंबड्यांनी संसार थाटला होता. दुसरी हिरवी जीप, ठणठणीत, टाकी भरलेली. पण ती मलेरियाची.

जीपचा ड्रायव्हर काशिराम बोनेटवर फडकं मारत होता. मी म्हटलं, "काशिरामभाऊ, गाडी काढा. बाळंतीण पनवेलला न्यायचीय."

काशिरामने फडकं झटकलं. "बालंतीन या गाडीत बसाची नाय बाय. ही मलेरियाची गाडी हाय."

"अहो, बाई मरतेय."

"मना काय दिसत नाय? पन मागं मी साप चावलेल्या मानसाला न्हेला. मानूस वाचला. आनी डिझेल कापला माज्या पगारातना. वर मेमो. साप कंच्या खात्यात बसतो, असा लिवलेला मेमोत." मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला भिंतीवरचा तक्ता आठवून लाज वाटली. "तुमीच चार दिस झाले सांगताव ना, एकाचा पैसा दुसऱ्याला चालत नाय म्हनून."

खोलीतून ठकीचा आवाज आला. किंकाळी नव्हती, दात आवळून दाबलेला आवाज होता, आणि तो जास्त वाईट होता. भामा माझा हात धरून म्हणाली, "बाय, काय तरी कर." मी जिल्ह्याला फोन लावला. डॉक्टर मीटिंगमध्ये. मलेरियाचे साहेब मीटिंगमध्ये. मीटिंग कधी संपेल, हे सांगणारा माणूससुद्धा मीटिंगमध्ये.

आणि तेव्हा मला सुचलं. आजही सांगते, असलं डोकं माणसाला आयुष्यात एकदाच चालतं आणि त्याची किंमत पुढे वर्षभर मोजावी लागते.

"सुनीता, ठकीला ताप आहे का?"

"नाही."

"अंग गरम लागतंय का?"

"ताई, सकाळपासून कळा देतेय ती, अंग गरम लागणारच."

"मग ताप आहे. आणि ताप म्हणजे संशयित मलेरिया. आपल्याकडे नियमच तसा आहे. काशिरामभाऊ, मलेरियाचा पेशंट गाडीत बसतो ना?"

काशिरामच्या चेहऱ्यावर उजाडलं. त्यालाही ठकीला न्यायचंच होतं, त्याला फक्त कोणीतरी वाट काढून द्यायला हवी होती. "बसतो ना. पन काच घेवा. रक्ताची काच घेतल्याबिगर मलेरियाचा पेशंट व्हत नाय."

सुनीताने सुई आणि काच आणली आणि ठकीचं बोट धरलं. ठकीने डोळे उघडले. त्या अवस्थेतसुद्धा ती म्हणाली, "बाय, पोर पोटात हाय. बोटात नाय."

"माहीत आहे गं," सुनीता म्हणाली, आणि टोचलं.

मी भराभर चिठ्ठी लिहिली. ठकी, तीव्र ताप, संशयित मलेरिया, गरोदर, तातडीने पनवेलला रवाना. काशिराम मान लांब करून म्हणाला, "घर नंबर?" भट्टीवरच्या झोपड्यांना नंबर कुठला असायला? पण नंबराशिवाय चिठ्ठी अपुरी, आणि अपुऱ्या चिठ्ठीवर मेमो. माझ्या टेबलावर एक निमंत्रणपत्रिका पडली होती, गोरखशेठच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीची. भट्टी गोरखशेठची, झोपड्या त्याच्या बंगल्यामागे, वास्तुशांत त्याच दिवशी. पत्रिकेवर घर क्रमांक सोनेरी अक्षरांत छापलेला होता. मी तो चिठ्ठीवर उतरवला. चिठ्ठीची एक प्रत जीपमध्ये ठेवायची, एक केंद्रात. मी केंद्रातली प्रत मलेरियाच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

तिथून पुढे काशिरामने जी गाडी हाणली, ती मी जन्मात विसरणार नाही. इतकी वर्षं नियमाने बांधलेला माणूस, आणि आता सगळे नियम त्याच्या बाजूने. पळस्प्याच्या नाक्यावर ट्रकांची ही रांग. काशिरामने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडायला सुरुवात केली, "मलेरिया! बाजूला व्हा, मलेरिया हाय!" पंजाबकडचा एक ट्रकवाला घाईघाईने नाकाला फडकं लावून गाडी मातीत उतरवता झाला. त्याचं बघून मागचे चार उतरले. लाल दिव्याच्या गाडीला जो रस्ता मिळाला नसता, तो आम्हाला मिळाला. मागे सुनीता ठकीचं डोकं मांडीवर घेऊन "श्वास घे, श्वास घे" म्हणत होती आणि भामा प्रत्येक खड्ड्याला काशिरामच्या आईवडिलांचा उद्धार करत होती.

पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. खिडकीतल्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि शिपायाला म्हणाला, "तापाचा वॉर्ड."

मी म्हटलं, "अहो, बाळंतीण आहे."

"चिठ्ठीत मलेरिया आहे."

"संशयित आहे. मूल आडवं आहे."

"मॅडम, मलेरिया आमच्या हातचा नाही. ज्यांनी लावला त्यांनी काढून द्यावा. काच तपासून मलेरिया नाही असं आलं की लगेच बाळंतपणाकडे पाठवतो."

"काच कधी तपासतील?"

"तपासणारे मीटिंगला गेलेत."

मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या अकलेला हात जोडले. शिपाई खरंच ठकीला तापाच्या वॉर्डाकडे ढकलायला लागला. मी त्याला राज्य, केंद्र आणि जिल्हा परिषद यांचे संबंध समजावायला सुरुवात केली, आणि एवढ्यात सुनीताने काय केलं, तर माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, चुरगाळून पिशवीत टाकली, ट्रॉलीचा दांडा धरला आणि "सरका" एवढंच म्हणून धावत सुटली. मागून भामा. तिच्या मागून चप्पल हातात घेऊन मी. बाळंतपणाच्या खोलीच्या दारात एक जाडजूड सिस्टर उभी होती. तिने ठकीच्या पोटावर एक हात ठेवला आणि आतल्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. कुठल्या खात्याची बाई, हे तिने विचारलं नाही.

दार बंद झालं. आम्ही बाकावर बसलो. ऑपरेशन करावं लागणार होतं. भामाने माझा हात धरला तो सोडलाच नाही. तिचा हात विटेसारखा खरखरीत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सकालीच शेटकडं गेलू व्हतो बाय. टेंपो मागाया. त्याची बायको बोलली, आज घराची पूजा हाय, टेंपोत खुर्च्या येताव, टेंपो नाय गावायचा."

 

इकडे खैरपाड्यात काय चाललं होतं, ते मला नंतर जगनने सांगितलं. जगन आमचा मलेरिया सुपरवायझर. कामाला वाघ, फक्त त्या वाघाला शिकारच मिळत नव्हती. वर्षभर सायकलवरून फिरून, हजारो काचा घेऊन, हाती लागलं होतं ते सर्दीपडसं. तो अकरा वाजता केंद्रात आला आणि पेपरवेटखाली त्याला ती चिठ्ठी दिसली. तीव्र ताप, गरोदर, तातडीने रवाना. त्याने थेट जिल्ह्याला फोन लावला.

तुम्हाला मार्चअखेर म्हणजे काय, हे कळायला हवं. दिल्लीहून आलेली डास मारायची पावडर आणि फवारणीच्या मजुरीचा पैसा एकतीस मार्चच्या आत वापरला नाही, तर तो परत जातो आणि पुढच्या वर्षी कमी येतो. आमच्या जिल्ह्यात पोती तशीच पडून होती, आणि मीटिंग चालली होती ती नेमकी त्यावरच. अशा वेळी जगनचा फोन म्हणजे उपाशी माणसाच्या ताटात श्रीखंड. माझ्यासाठी जे सकाळपासून मीटिंगमधून बाहेर येत नव्हते, ते मलेरियाचे साहेब जगनसाठी धावत फोनवर आले.

"आजच फवारा," ते म्हणाले. "हात आखडू नका."

फवारणीची तुकडी त्या दिवशी कळंबोलीला होती, लोखंड बाजाराच्या मागच्या झोपड्यांमध्ये. तिला निरोप गेला. पंप, पोती आणि माणसं घेऊन ट्रक तासाभरात खैरपाड्यात हजर. जगन चिठ्ठी हातात घेऊन पुढे. चिठ्ठीवर घर नंबर होता, आणि ते घर शोधायची गरजच नव्हती, कारण त्याच्यासमोर मांडव होता आणि सनई वाजत होती.

गोरखशेठ म्हणजे आमच्या गावचा मोठा माणूस. बापजाद्यांची मिठागरं आणि भातशेती, जमिनी सरकारकडे गेल्या, पैसा आला, भट्टी टाकली, निवडून आला आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीवर जाऊन बसला. त्याचा बंगला दुमजली, आतून बाहेरून गुलाबी ऑइलपेंट, इतका चकचकीत की भिंतीत बघून भांग पाडावा. शेठ स्वतः होमासमोर सोवळ्यात बसलेला, उठायची सोय नाही. दारात त्याची बायको ललिताबाई.

जगनने विचारलं, "आतून मारायचं की फक्त बाहेरून?"

ललिताबाईंना वाटलं, शेठ आरोग्य समितीवर, म्हणून खात्याने मानाने माणसं पाठवली आहेत. कसलं तरी सुगंधी औषध असणार. त्या म्हणाल्या, "आतनाच मारा ना. कोपरा न कोपरा मारा. मेंबरचं घर हाय." आणि तुकडीला आधी सरबत दिलं.

तुकडीने सरबत पिऊन मन लावून काम केलं. वर्षभरात एवढ्या आदराने त्यांना कोणी घरात घेतलं नव्हतं. लोक दारं लावून बसायचे. खालचा मजला, वरचा मजला, माळा, देवघराच्या बाहेरची भिंत. ललिताबाई पुढे होऊन खोल्या दाखवत होत्या. ओलं होतं तोवर कुणाला काही कळलं नाही. होम आटोपून शेठ उठला तेव्हा वाळायला लागलं होतं. ही पावडर वाळली की तिचे पांढरे ओघळ उमटतात. गुलाबी बंगल्याला वरपासून खालपर्यंत विभूतीचे पट्टे ओढावेत, तसं झालं.

शेठने जगनला धरलं. जगनने चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीखाली माझी सही.

आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हा शेठची गाडी आली. कपाळाला गंध, अंगावर रेशमी सदरा आणि डाव्या खांद्यावर पावडरीचा एक लांब ओघळ. मला बघताच तो थेट समोर आला.

"तुमी लिवलाव माजा नंबर?"

"हो."

"माज्या घरान मलेरिया हाय?"

"नाही."

"मंग ह्या कोनाचा काम? मना नाव सांगा. मी सोडनार नाय. कंचा साहेब, कंचा हापिस?"

आता खरं तर गप्प बसायचं. पण पुण्याचं प्रशिक्षण अंगात भिनलेलं. मी उठून उभी राहिले आणि सांगायला लागले. "शेठ, पावडर दिल्लीची. तिची तक्रार दिल्लीला करायची. फवारणाऱ्यांची मजुरी राज्याची, ती तक्रार मुंबईला. आणि पंप म्हणाल तर..." इथे माझी जीभ अडखळली.

"पंप काय?"

"पंप दोन वर्षं बंद होते. दुरुस्ती जिल्हा परिषदेची. गेल्या महिन्यात आरोग्य समितीने मंजूर केली. ती तक्रार समितीकडे करावी लागेल. म्हणजे तुमच्याकडे."

काशिरामला खोकला आला, म्हणून तो बाहेर गेला.

"आनी नंबर लिवलाव कशाला?" शेठचा आवाज उतरला होता. "मी काय वाकडा केला तुमचा?"

मी काही बोलायच्या आत भामा उठली. ती शेठच्या खांद्याला लागेल एवढीशी. "शेट, ठकी आत हाय. तिचा पोट फाडलाय. तुज्या भट्टीवर परवापरत विटा उचलीत व्हती. मी सकाली तुज्या दारात आलू, टेंपो दे म्हनून. तुमी खुर्च्या आनल्याव. मंग या बायनं मलेरियाची गाडी काडली. तवा तुजा नंबर लागला."

शेठ म्हणाला, "मना कोनी सांगला नाय." मग पुन्हा तेच, हळू. त्याला खरंच कोणी सांगितलं नसावं. तो बाकाच्या टोकाला बसला. त्याच्या खांद्याची पावडर भिंतीला लागली.

आणि दार उघडून ती जाडजूड सिस्टर बाहेर आली. "मुलगी आहे. दोघी ठीक आहेत. आई झोपलीय." भामाने मटकन खाली बसून पदर तोंडावर घेतला. सुनीता रडायला लागली. मीही लागले. शेठने खिशातून मांडवातले पेढे काढले, पुडी सिस्टरच्या हातात दिली आणि गेला.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज मान वर करून सांगितली असती. शेठने शब्द न देता शब्द पाळला. एप्रिलमध्ये पांढऱ्या गाडीचे टायर मंजूर झाले, मे महिन्यात आले, बसवले. मग कळलं की बॅटरी मेलीय, आणि बॅटरी राज्याची. ठकीची काच तपासून आली, मलेरिया नव्हता. पण जिल्ह्याची पोती संपली होती, साहेब खूष होते, आणि माझ्या मेमोचा विषय कुणी काढला नाही.

पण भट्टीवर बातमी पसरली होती. भट्टीवरून वाडीवर, वाडीवरून दुसऱ्या वाडीवर. पनवेलला जायचं असेल तर केंद्रात जाऊन फक्त एक शब्द बोलायचा. पुढच्याच आठवड्यात एका म्हातारीला आणलं, विंचू चावलेला. तिचा मुलगा म्हणाला, "मलेरिया झालाय." मग एकाचा हात यंत्रात गेलेला, त्याला मलेरिया. एका बाईच्या दाढेला मलेरिया. काशिराम आता माणूस दिसला की स्वतःच काच घेऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "ताप हाय ना? हाय म्हन." सुनीता टोचायची, मी चिठ्ठी लिहायची, घर नंबर मात्र आता केंद्राचाच. आम्ही कुणालाही परत पाठवलं नाही. कसं पाठवणार?

पावसाळ्याच्या तोंडाला जगन माझ्याकडे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं. "ताई, आपल्या खैरपाड्यात साथ आलीय. सगळ्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त संशयित आपल्याकडे. आणि एकाच्याही काचेत मलेरिया सापडत नाही. साहेब म्हणतात, हा मलेरियाचा नवीनच प्रकार असणार. दिल्लीहून अभ्यास करायला माणसं येतायत."

मी तो दिवस कसा काढला ते मला विचारू नका. ती माणसं आली, सोमवारी दुपारी. पनवेलच्या एसटी स्टँडवरून त्यांचा फोन आला. मोठे डॉक्टर होते, आवाज अगदी सौम्य. ते हिंदीत म्हणाले, आम्ही मलेरियाच्या कामाला आलो आहोत, कार्यक्रमाची जीप आहे ना तुमच्याकडे, तेवढी पाठवता का?

मी खिडकीतून बाहेर बघितलं. जीपच्या जागी तेलाचा डाग होता. माडावरून पडून मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला घेऊन काशिराम मघाशीच गेला होता.

"साहेब," मी म्हटलं, "जीप नाही. ती मलेरियाच्या कामाला गेलीय."